सतरा किलोमीटरवरची मदत

आपल्यावर कोणी नजर ठेवलेली कुणालाच आवडत नाही. ऑफिसात साहेब मागे येऊन उभे राहिले की साध्या पत्रातसुद्धा चार चुका होतात. घरात आईने नुसतं डोकावून बघितलं, तरी पुस्तक उघडून बसलेलं पोर वैतागतं. मग चौदा वर्षं अँब्युलन्स चालवणाऱ्या माणसाच्या पुढ्यात, थेट स्टिअरिंगशेजारी, एक काळी डबी आणून ठोकली आणि सांगितलं की ही तुम्ही कुठे आहात ते दर क्षणाला कंट्रोल रूमला कळवत राहणार, तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

उस्तादांचं फिरलं.

उस्ताद हे त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या गल्लीत सायकलवालासुद्धा उतरून चालतो, त्या गल्लीतून एकदा त्यांनी पेशंटसकट गाडी उलटी बाहेर काढली होती, कुठे एक ओरखडा न पडू देता. तेव्हापासून तेवीस गाड्यांच्या त्या ताफ्यात सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडत असे. बँकेत कुणी खऱ्या नावाने पुकारलं, तर दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल असं वाटून ते बसून राहायचे.

डबी बसवण्यामागचा हेतू चांगला होता, यात वाद नाही. पूर्वी अपघात झाला की आधी गर्दी जमायची, मग गर्दीतला एखादा फोन करायचा. कंट्रोलमधली मुलगी विचारायची, "नक्की कुठे?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "अहो, ते मोठं झाड नाही का, त्याच्या थोडं अलीकडे." आता लोकांच्या फोनमध्ये नवी सोय आली होती. गाडीला जोराचा दणका बसला की फोन ते आपणहून ओळखायचा, दहा सेकंद वाट बघायचा, आणि मालकाने 'मी ठीक आहे' हे बटण दाबलं नाही, की जागेसकट कंट्रोलला कळवायचा. तिथलं मशीन सगळ्यात जवळची अँब्युलन्स शोधायचं आणि तिच्या डबीच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरांत निरोप उमटायचा. पत्ता समजावून सांगण्यात जाणारी सात-आठ मिनिटं वाचली होती, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाला सात-आठ मिनिटं म्हणजे काय, हे अँब्युलन्सवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पण चांगल्या वस्तूचा चाबूक करायला कितीसा वेळ लागतो? ताफ्याच्या साहेबांनी तो महिन्याभरात केला. दर सोमवारी ते डबीने पाठवलेली माहिती छापून घ्यायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे. "मंगळवारी चहाच्या टपरीपाशी अकरा मिनिटं? गुरुवारी सात? अँब्युलन्स आहे की सहलीची गाडी?" शेकडो जीव दवाखान्यात पोचवलेल्या माणसाला चहाच्या मिनिटांचा जाब द्यायची पाळी आली. उस्तादांना ते फार लागलं.

मग त्यांनी तोड काढली. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा त्या डबीवर पालथा घातला की डबी मुकी होते, हा शोध त्यांचा. कंट्रोलच्या भिंतीवरच्या नकाशात त्या गाडीचा हिरवा ठिपका राखाडी व्हायचा आणि शेवटचा जिथे दिसला होता तिथेच गोठून बसायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचं, तिथे रेंज नसते. बघता बघता ही विद्या ताफाभर पसरली. कुणी डबा आणला, कुणी पातेलं. ताफ्यात एका ड्रायव्हरचं नुकतंच लग्न झालं होतं म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणत. त्याने तर चंदेरी कागदाची छान टोपी शिवावी तशी बेतून घेतली. साहेबांच्या हातावर तुरी दिल्या म्हणून जो तो उस्तादांच्या पाठीवर थाप मारायचा.

हसल्या नाहीत त्या एकट्या सिस्टर.

सिस्टर म्हणजे उस्तादांच्या गाडीतल्या परिचारिका. वय सत्तावन्न, चष्म्याला मागून दोरी, आणि बोलणं मोजकं. गाडीत मागे बसून त्या रोज पट्ट्या, सुया, सलाईनच्या बाटल्या मोजत. कालच मोजल्या होत्या म्हणून आज मोजायच्या नाहीत, असं त्यांच्याकडे नव्हतं.

"उस्ताद," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तो डबा काढा."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, सिस्टर. चहा संपला की काढतोच ना."

"आणि त्या दहा मिनिटांत कुणी पडलं तर?"

"तर दुसरी गाडी जाईल. तेवीस आहेत. दहा मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

"तुम्हाला वाटतं, ती डबी साहेबांना तुम्ही दिसावेत म्हणून आहे. तशी नाहीये ती. जो रस्त्यावर पडलाय, त्याला तुम्ही दिसावेत म्हणून आहे."

"ते साहेबांना सांगा, लाल पेन घेऊन बसतात त्यांना," उस्ताद म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. त्यानंतर त्या रोज एकदा 'डबा काढा' म्हणायच्या आणि रोज उस्ताद 'चहा संपू द्या' म्हणायचे. पुढे पुढे दोघांनाही त्या बोलण्याची सवय झाली.

त्या दिवशी दुपारी एका आजोबांना तपासणीहून घरी सोडून दोघं परत येत होते. शहराबाहेरच्या रस्त्याला, लाकडाच्या वखारीच्या अलीकडे, नेहमीची टपरी लागली. घड्याळात चार पस्तीस. उस्तादांनी गाडी सावलीला लावली, डबा पालथा घातला आणि खाली उतरले. सिस्टर मागेच पट्ट्या मोजत बसल्या.

"डबा काढा," त्या आतून म्हणाल्या.

"चहा संपू द्या," उस्ताद बाहेरून म्हणाले.

टपरीवर दोन ट्रकवाले होते. उस्तादांनी त्यांना डब्याची गोष्ट सांगायला घेतली. साहेब कसे कागद उलटसुलट करून बघतात, राखाडी ठिपक्यावर बोट ठेवून 'इथे टॉवर उभारायला हवा' असं कसं गंभीरपणे म्हणतात, याची नक्कल ते फार झकास करायचे. ट्रकवाले हसून हसून लोटपोट झाले. पहिला ग्लास संपला तरी गोष्ट संपेना, म्हणून उस्तादांनी दुसरा मागवला. वखारीतली करवत सारखी किंचाळत होती, त्यामुळे नक्कल जरा मोठ्या आवाजात करावी लागत होती. त्या किंचाळण्यात आणखी कसला आवाज झाला असेल, तर तो टपरीवरच्या कुणाला ऐकू आला नाही.

चार सत्तावन्नला सायरन ऐकू आला. शहराच्या पलीकडच्या टोकाकडून एक अँब्युलन्स सुसाट आली आणि टपरीसमोरून धूळ उडवत वखारीकडे वळली. उस्तादांनी नंबर ओळखला. नवरदेवाची गाडी.

"बघा, कुणाची तरी पळापळ," ते ग्लास उंचावून ट्रकवाल्यांना म्हणाले. "आपला चहा मात्र गरम आहे."

सायरन दूर जात विरून जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. चौदा वर्षांच्या कानाला ते पाठ होतं. पण तो विरला नाही. वळणाच्या पलीकडे, वखारीच्या मागच्या अंगाला, एकदम बंद झाला.

गाडीचं मागचं दार उघडून सिस्टर उतरल्या. त्यांचा चेहरा बघून उस्तादांच्या हातातला ग्लास बाकावर कलंडला.

"उस्ताद, ती गाडी इथेच थांबली."

टपरीपासून वळणापर्यंत तीनशे पावलं असतील. गाडी सुरू करून तिथे पोचायला त्यांना मिनिटही लागलं नाही. आधी रस्त्यावर पसरलेली पाकिटं दिसली. पांढरी, खाकी, खिडकीवाली, लांबोडकी, शे-दीडशे पत्रं वाऱ्याने इकडे तिकडे गेलेली. मग आडवी पडलेली निळी स्कूटर.

निळी स्कूटर. उस्तादांची मुलगी कॉलेजातून घरी येते ती याच रस्त्याने, अशाच स्कूटरवरून. दार उघडून ते कसे उतरले, कसे धावले, त्यांना कळलं नाही. माणसांना बाजूला सारून त्यांनी खाली बघितलं.

त्यांची मुलगी नव्हती. पोस्टाचा खाकी शर्ट घातलेली एक तरुण बाई होती, सव्वीस-सत्तावीसची. 'नाही, आपली नाही.' उस्तादांच्या तोंडून सुटकेचा मोठा श्वास निघाला, इतका मोठा की शेजारी उभ्या असलेल्या वखारीतल्या कामगाराने वळून बघितलं. तो कामगार उघड्या अंगाने उभा होता. त्याचा शर्ट त्या बाईच्या पायाला दाबून धरलेला होता, आणि तो मूळचा कोणत्या रंगाचा होता ते आता सांगता आलं नसतं.

"कुठल्याशा टेम्पोने उडवलं आणि पळून गेला," तो सांगत होता. "मी दाबून धरलंय, पण थांबतच नाही हो. तिचा फोन म्हणत होता मदत येतेय, म्हणून आम्ही हलवलं नाही. किती वेळ लावलात तुम्ही लोकांनी?"

सिस्टर एव्हाना गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी तिच्या मांडीवर रक्त थांबवायला पट्टा आवळला आणि त्याच्यावर वेळ लिहिली. नवरदेव आणि त्याचा सहकारी स्ट्रेचर आणत होते. उस्तादांनी वाकून तिच्या बाजूला पडलेला फोन उचलला, तिच्यासोबत द्यायचा म्हणून. पडद्याला तडा गेला होता, पण अक्षरं स्वच्छ दिसत होती.

'अपघात कळवला: ४.४०. सर्वांत जवळची उपलब्ध गाडी: १७ कि.मी. गाडी पोहोचली: ४.५८.'

उस्तादांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. सर्वांत जवळची. त्यांनी मान वर केली. वळणावरून टपरीचं छप्पर दिसत होतं. बाकावर अजून त्यांचा ग्लास असणार. चार चाळीसला ते काय करत होते? साहेबांची नक्कल करत होते. टॉवर उभारायला हवा!

"उस्ताद, तुम्ही इथेच होता?" नवरदेवाने स्ट्रेचर उचलता उचलता विचारलं. मग त्याची नजर उस्तादांच्या गाडीच्या काचेतून आत गेली. डबीवर डबा तसाच पालथा होता. नवरदेवाने नजर खाली वळवली. त्याच्या स्वतःच्या गाडीत सीटखाली चंदेरी टोपी होतीच.

दवाखान्यात पोचल्यावर तासाभराने डॉक्टर बाहेर आले. टपालवालीचे वडील तोवर येऊन पोचले होते. निवृत्त बसड्रायव्हर, पांढरे केस, शर्टाची बटणं एकाआड एक चुकलेली.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले. "पण पाय राहणार नाही. जोडता आला असता. त्याला पाच-सहा तासांचं ऑपरेशन लागतं, आणि रक्त इतकं गेलंय की तेवढं तिला झेपणार नाही. पंधरा मिनिटं आधी कुणी पट्टा आवळला असता, तर आपण प्रयत्न केला असता."

वडिलांना उस्तादांचा गणवेश दिसला. ते उठले, जवळ आले आणि त्यांनी उस्तादांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"तुम्ही आणलंत ना तिला? मीही तीस वर्षं गाडी चालवली. तिच्या फोनवर वाचलं मी. एवढ्या रहदारीतून सतरा किलोमीटर येणं सोपं नाही, मला माहितेय. तुमचे उपकार कसे फेडू, बाबा?"

कानफटात बसली असती तर परवडली असती. उस्तादांच्या तोंडून 'मी नाही आणलं' एवढे तीन शब्दही बाहेर येईनात. ते हात सोडवून घेऊन चालते झाले. जिन्यात त्यांना सिस्टर भेटल्या.

"रोज एकदा बोलले की माझं काम झालं, असं मी समजत होते," सिस्टर म्हणाल्या. चष्मा काढून त्या पुसत होत्या, पण काचा कोरड्याच होत्या. "हात पुढे करून तो डबा उचलता आला असता मला. रोज आला असता."

संध्याकाळी घरी उस्ताद जेवायला बसले आणि तसेच बसून राहिले. बायकोने दोनदा विचारलं, अंग दुखतंय का. तिसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढ्यात मुलगी फोन नाचवत आली.

"बाबा, हे बघा, मीपण टाकून घेतलं. पडले की आपोआप कळतं म्हणे. आणि जवळची गाडी किती लांब आहे तेही दिसतं. मी कॉलेजच्या रस्त्यावर पडले, तर तुम्हीच याल ना? तुमचीच गाडी असते ना तिथे?"

उस्तादांनी ताट बाजूला सारलं आणि ते उठून गॅलरीत गेले. दुपारी त्या वळणावर 'आपली नाही' म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडला होता, हे त्यांना आठवलं, आणि स्वतःची शिसारी आली. कुणाची तरी होतीच की ती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांनी सगळ्या ड्रायव्हरांना आणि कंट्रोलच्या लोकांना हॉलमध्ये बोलावलं. साहेब तापलेले होते.

"सतरा किलोमीटरवरून गाडी! लोक आम्हाला काय म्हणतील? हे मशीन फालतू आहे, मी पहिल्यापासून सांगतोय. धडधडीत चालू गाड्या राखाडी दाखवतं. आजच्या आज वर लिहून पाठवतो, तेवीसच्या तेवीस डब्या काढून टाका. पूर्वीसारखा फोन बरा." मग ते कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीकडे वळले. कंट्रोलमध्ये काल दुपारी तीच बसली होती. "आणि तू. एक ठिपका राखाडी आहे हे तुला दिसत नव्हतं? फोन करून विचारता येत नव्हतं? उद्यापासून येऊ नकोस."

मुलगी रडत नव्हती, हेच बघवत नव्हतं. "साहेब, काल चार चाळीसला एक नाही, नऊ ठिपके राखाडी होते," ती म्हणाली. "रोज असतात. त्या भागांत रेंज नाही म्हणून मी तीनदा लेखी तक्रार दिलीय. मशीन राखाडी गाडी सोडून पुढची गाडी दोन सेकंदांत पाठवतं. मी फोन करेपर्यंत ती निघालेली होती."

हॉलमध्ये बावीस ड्रायव्हर मूग गिळून बसले होते. डब्या जाणार होत्या. लाल पेन जाणार होतं. गप्प राहिलं की झालं, रेंजचा दोष, मशीनचा दोष, फार तर त्या मुलीचा. कुणाला काही कळणार नव्हतं. उस्तादांना हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि हेही दिसलं की उद्या त्यांची मुलगी त्या वळणावर पडली, तर गर्दीतला कुणीतरी पुन्हा फोन करून सांगेल, 'अहो, ते मोठं झाड नाही का...'

ते उठले. पिशवीतून पत्र्याचा डबा काढून त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"रेंज," उस्ताद म्हणाले. "रेंज न मिळण्याचं कारण. काल चार पस्तीसपासून हा माझ्या डबीवर होता. मी वखारीच्या अलीकडे चहा पीत होतो, तिच्यापासून तीनशे पावलांवर. फोनने बरोबर कळवलं, साहेब. मशीनने बरोबर शोधलं. या पोरीची काही चूक नाही. सगळे आपापलं काम करत होते. मी तेवढा लपून बसलो होतो."

साहेब डब्याकडे बघत राहिले. त्यावर बिस्किटांचं रंगीत चित्र होतं.

"हा प्रकार मीच शोधला," उस्ताद पुढे म्हणाले. "बाकीच्यांना मीच शिकवला. मला शिक्षा करा. पण मशीन काढू नका. त्याने माणसाचं खरं बोलणं ऐकून काम करायचं असतं, आणि आम्ही त्याला रोज खोटं सांगितलं."

सिस्टर उभ्या राहिल्या. "मला माहीत होतं. मीही गप्प होते. माझंही नाव लिहा." मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नवरदेव पुढे आला आणि त्याने चंदेरी टोपी डब्याशेजारी ठेवली. त्याच्यामागून आणखी सात जण आले. टेबल भरलं.

साहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं, ते हातात फिरवलं आणि सगळ्यांत शेवटी त्या ढिगात ठेवलं.

"हेही त्यातलंच," ते म्हणाले. "जीव वाचवायच्या वस्तूने मी तुमचे चहा मोजत बसलो. मी मोजले नसते, तर तुम्ही लपला नसता."

उस्तादांना तीन महिने गाडीवरून उतरवलं गेलं. कंट्रोलमधली मुलगी कामावर राहिली. त्या दिवसापासून चहाचा कुणी हिशेब विचारणार नाही असं ठरलं, मात्र डबी उघडी ठेवायची. आणि ठिपका राखाडी झाला की अर्ध्या मिनिटात कंट्रोलमधून फोन जाणार, हेही ठरलं.

पण उस्तादांचं खरं अवघड काम अजून बाकी होतं. चार दिवसांनी टपालवालीला जनरल वॉर्डात आणलं, तेव्हा ते तिच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. वडील शेजारी बसले होते. उस्तादांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. डबा, चहा, नक्कल, दुसरा ग्लास. मध्ये कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

वडील उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. ज्या हातांनी त्यांनी उस्तादांचे हात धरले होते, ते हात त्यांनी पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

टपालवाली छताकडे बघत होती.

"मी शुद्धीवर होते," ती हळू आवाजात म्हणाली. "फोन माझ्या तोंडासमोरच पडला होता. त्याच्यावर आकडा दिसत होता. सतरा. मग सोळा. मी ठरवलं, हा आकडा शून्य होईपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. अकरापर्यंत नीट वाचत होते. मग नऊवर तो अडकला. सिग्नल लागला असेल त्यांना. त्या नऊला मी किती वेळ बघत होते, तुम्हाला नाही कळायचं."

उस्तादांनी मान खाली घातली.

"माफी मागायला आलात?"

"नाही," उस्ताद म्हणाले. "ती कुठल्या तोंडाने मागू? तुम्हाला खरं कळायला हवं होतं, म्हणून आलो."

तिने मान वळवून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"आता तुमची गाडी दिसते का?"

"दिसते. सध्या मी नाही चालवत, दुसरा चालवतो. पण दिसते. तेवीसच्या तेवीस दिसतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तिने माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही, आणि उस्तादांनीही तसा कधी समज करून घेतला नाही.

तीन महिन्यांनी उस्ताद पुन्हा गाडीवर आले. टपरीवर ते अजूनही थांबतात, चहाही पितात. पण हातात ग्लास घेऊन उभे राहतात ते गाडीच्या उघड्या दारापाशी, डबीचा पडदा दिसेल असे. परवा एक ट्रकवाला त्यांना म्हणाला, "उस्ताद, ती साहेबांची नक्कल करा ना." उस्ताद म्हणाले, "विसरलो."

वाचकहो, नव्या यंत्रांचं आपल्याला फार कौतुक असतं, आणि ती चुकली की त्यांना शिव्या द्यायलाही आपण पुढे असतो. पण यंत्र धावून येत नाही, माणूस येतो. यंत्र फक्त त्याला हाक मारतं. ती हाक ऐकू येऊ नये म्हणून पालथा घातलेला एखादा डबा आपल्याही हाताशी असतो: 'कशाला हवी ती कटकट' म्हणून फोनमधली सोय बंद करणारा आपणच असतो, सायरन ऐकूनही बाजू न देणारा आपणच असतो, आणि कामगाराला चाबूक दाखवण्यासाठी चांगली सोय वापरणारा साहेबही आपल्यातलाच असतो. आज घरी गेल्यावर आपला डबा कोणता, तो शोधा आणि उचलून बाजूला ठेवा. रस्त्यावर पडलेलं कुणीतरी, आपलं नसलेलं, पण कुणाचं तरी असलेलं, या क्षणी एका आकड्याकडे डोळे लावून बसलं असेल. तो आकडा आपल्यामुळे सतरा व्हायला नको.